क्रॅक म्हणजे पास

सरळच सांगते. माझ्या ताईचा डावा डोळा एका शब्दामुळे गेला, असं कंपनीच्या कागदावर लिहिलंय. साफ खोटं आहे. डोळा फोरमनमुळे गेला. शब्द नंतर शोधून आणला, आपल्या अंगावर आलेलं दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला.

शब्द आहे क्रॅक.

आमच्या वर्कशॉपमध्ये ओतीव लोखंडाचे भाग घासून साफ करतात. पंपाची झाकणं, मशीनचे पाय, असलं काहीबाही. ग्राइंडरवर दगडी चाक गरगरत असतं, त्याला भाग टेकवायचा, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि लोखंडाचे कंगोरे जातात. ताई दोन नंबरच्या ग्राइंडरवर. मी शेजारच्या खोलीत पॅकिंगला. आणि ताईचा नवरा, म्हणजे माझे दाजी, चाकं तपासायला.

चाक तपासणं म्हणजे काय ते आधी सांगते. ते चाक दिसायला दगडासारखं, पण आतून काचेइतकं नाजूक. वाटेत कुठे आपटलं की आत बारीक चीर जाते, आणि ती चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही. मग चाक मशीनवर चढवलं, त्याने वेग घेतला, की ते फुटतं आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून आधी वाजवून बघायचं. दाजी चाकाच्या भोकात दांडी घालून ते लटकवतात आणि लाकडी हातोडीने चार ठिकाणी हलकेच ठोकतात. चांगलं चाक टणऽऽ करून गातं. चीर गेलेलं नुसतं ठप्प करतं, ओल्या फळीवर थाप मारल्यासारखं. बाकी शास्त्र काही नाही. पण कान लागतो, आणि तो कान आमच्याकडे दाजींचा.

त्यांना ती सवयच लागली होती. घरी चहा हातात दिला तरी आधी कपाला टिचकी. नवी बादली आणली, टिचकी. मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा ताईकडे घेऊन गेले तेव्हा दाजींनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, कान तिरका केला आणि म्हणाले, "मेहुणीबाई, आवाज बरा आहे. घ्या."

"आणि तुमचा कोणी बघितला होता?" मी विचारलं.

"माझा तुझ्या ताईने बघितला. तिला कमी ऐकू येतं म्हणून मी पास झालो."

असा माणूस. फोरमनने त्यांना असंच एकदा खिडकीच्या काचेला टिचकी मारताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा क्रॅक आहे." झालं. त्या दिवसापासून दाजींचं नाव क्रॅक. ए क्रॅक, इकडे ये. क्रॅकला बोलवा. क्रॅक जेवला का? सात वर्षं. मला संताप यायचा. दाजी हसायचे. म्हणायचे, "म्हणू दे गं. क्रॅक शोधतो म्हणून क्रॅक. कामावरून पडलेलं नाव आहे."

"कामावरून नाही पडलं दाजी, डोक्यावरून पडलंय. वेडा म्हणतात ते तुम्हाला."

"वेड्याला पगार देतात ना? मग वेडा कोण?"

ताईही हसायची. तेव्हा सगळेच हसायचे.

आता चिठ्ठीचं सांगते. प्रत्येक चाकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर दोन ओळी छापलेल्या. एक ‘चाक क्रमांक’. दुसरी ‘शेरा / सही’. शेरा आणि सही एकाच ओळीत छापायची अक्कल कोणाची, ते आजवर कळलं नाही. ज्याची असेल त्याने कधी चाकासमोर उभं राहून काम केलेलं नाही एवढं नक्की. दाजींचे हात कायम भुकटीने भरलेले, म्हणून चांगल्या चाकाची चिठ्ठी स्टोअरवाला लिहायचा. आधी ‘ओके’, आणि सहीच्या जागी, गंमत म्हणून, ‘क्रॅक’. पहिल्या दिवशी ‘ओके क्रॅक’ वाचून सगळे पोट धरून हसले. आठवड्याभरात ती गंमत राहिली नाही, पद्धत झाली.

चाक वाईट निघालं तर मात्र चिठ्ठी दाजी स्वतः लिहायचे. हात पुसून, पेन घट्ट धरून, एकच शब्द. ‘क्रॅक’. आणि ते चाक स्टोअरमध्ये सगळ्यात खालच्या फळीवर.

खालच्या फळीवर ठेवायचं कशाला, फोडून का टाकत नाही, असं दाजींनी फोरमनला किती वेळा विचारलं याला गणती नाही. फोरमनचं ठरलेलं उत्तर: "पुरवठादाराला परत पाठवायचंय, अख्खं लागतं." एकही कधी परत गेलं नाही. बारा इंची चार चाकं त्या फळीवर धूळ खात बसली होती. चारही ठप्प.

त्या दिवशी सकाळपासून फोरमन खुशीत होता. त्याच्या मुलाने कसलीशी मोठी परीक्षा क्रॅक केली होती. फाटकावर मुलाच्या फोटोचा फ्लेक्ससुद्धा लागला. फोरमन चॉकलेटचा डबा घेऊन मशीनमशीनवर फिरत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "क्रॅक केली बरं का, पहिल्याच फटक्यात." दाजींना चॉकलेट देताना म्हणाला, "घे रे. आमच्या घरात क्रॅक करणारा निघाला, तुमच्या घरात नुसताच क्रॅक." परत सगळे हसले. दाजी चॉकलेट खिशात ठेवून मागच्या शेडमध्ये गेले. तिथे नव्या चाकांची पेटी आली होती, ती तपासायची होती.

अकराच्या सुमारास ताईचं चाक झिजून संपलं. मोठी झाकणं घासायची ऑर्डर होती आणि ती गार्डखाली मावत नाहीत म्हणून ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं लोखंडी झाकण, तीन दिवसांपूर्वीच काढायला लावलं होतं. काढायला कोणी लावलं? फोरमनने. वरच्या फळीवर बारा इंची चाक शिल्लक नव्हतं. दाजी नवी चाकं तपासून आणेपर्यंत तासभर थांबायचं होतं. फक्त एक तास. पण माल न्यायची गाडी दुपारी लागणार होती. फोरमन स्वतः स्टोअरमध्ये गेला, खाली वाकला आणि एक चाक उचलून घेऊन आला.

चाक कुठल्या फळीवरचं ते ताईला दिसलं नव्हतं, पण चिठ्ठी तिने वाचली. वाचली हे नीट ध्यानात ठेवा.

"साहेब, यावर क्रॅक लिहिलंय."

"मग? तुझ्याच नवऱ्याचं नाव आहे. त्याने बघितलंय."

"ओके नाही लिहिलेलं."

"स्टोअरवाला विसरला असेल, चॉकलेटं खाण्यात. का गं, नवऱ्यावर विश्वास नाही होय?"

आजूबाजूचे हसले. ताई नंतर मला म्हणाली, "मीसुद्धा हसले गं. सगळे हसत होते ना."

मी पलीकडे खोके चिकटवत होते. आवाज आला. कडाड. एकदाच. त्यानंतर मशीनचा आवाज आला नाही, माणसांचा आला नाही, आणि मग सगळ्यांचा एकदम आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले तेव्हा दाजी भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर म्हणाले, "गालाच्या हाडाला क्रॅक गेलाय. महिन्या-दीड महिन्यात भरून येईल. डोळा मात्र नाही वाचवता आला." ‘क्रॅक’ ऐकलं आणि दाजी खालीच बसले. पुढचं त्यांनी ऐकलंही नसेल. डोळ्याचं मी त्यांना नंतर परत सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

ताई घरी आली त्या संध्याकाळी मी तिथेच होते. अर्ध्या तोंडाला पट्टी. दाजी पाणी घेऊन आले. तिने पेला घेतला नाही.

"अहो, ते चाक तुम्ही वाजवलं होतं?"

"वाजवलं होतं."

"कसं वाजलं?"

"ठप्प. म्हणून तर लिहिलं."

ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाली, "सात वर्षं ते तुम्हाला त्या नावाने हाका मारतात आणि तुम्ही ‘ओ’ देता. मग मला कसं कळणार, कुठला क्रॅक ते? ‘लावू नका’ असं लिहायला काय झालं होतं तुम्हाला? दोनच तर शब्द."

दाजींनी पेला तिच्या उशाशी ठेवला आणि ते बाहेर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी कशालाच टिचकी मारली नाही. चहा दिला की नुसता प्यायचे.

एवढं झाल्यावर कंपनीने काय करावं? माफी मागावी, बरोबर? पुढच्या आठवड्यात दाजींच्या हातात नोटीस पडली. ‘सदोष चाक तपासून योग्य असल्याबाबत सही केल्यामुळे सहकारी कामगारास गंभीर दुखापत.’ सहकारी कामगार! स्वतःच्या बायकोचा डोळा घालवल्याचा आरोप, आणि खाली छापील ओळ, खुलासा सादर करावा. चौकशी होणार. दोषी ठरले तर नोकरी जाणार, आणि कागदावर कायमचं राहणार की डोळा नवऱ्याच्या सहीने गेला. नोकरीचं दाजींना काही वाटलं नाही. दुसऱ्या गोष्टीने ते खचले. मला म्हणाले, "कागदावर तसं आलं ना, तर तुझी ताई ते रोज वाचेल. पाठ होईल तिला."

चौकशीला सोबत एक जण नेता येतो. मी गेले.

खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि दाजींना उभं ठेवलं होतं. मुख्य ऑफिसमधून चौकशी अधिकारी आला होता. किडकिडीत माणूस, दर दोन वाक्यांनी थर्मासमधलं गरम पाणी पिणारा. शेजारी जबाब टाइप करायला एक कारकून. समोर फोरमन, नवा शर्ट घालून. कोपऱ्यात स्टोअरवाला, हात मांडीखाली दाबून. मी एक खुर्ची ओढून दाजींच्या मागे ठेवली. "बसा," म्हटलं.

"बाई, त्यांना आम्ही सांगू तेव्हा..." अधिकारी म्हणाला.

"तुम्ही सांगेपर्यंत त्यांचे पाय दुखतील. बसा हो दाजी."

अधिकाऱ्याने टेबलावर चिठ्ठी ठेवली. तीच. कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. कशाचा ते मी सांगणार नाही.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं," दाजी म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"क्रॅक."

"वर्कशॉपमध्ये तुम्हाला काय म्हणतात?"

दाजींनी मान खाली घातली. "क्रॅक."

"म्हणजे ही तुमची सही."

"नाही साहेब. तो शेरा आहे."

अधिकाऱ्याने पिशवीतून पंचवीस-तीस चिठ्ठ्या काढून टेबलावर पसरल्या. पत्ते मांडावेत तशा. प्रत्येकीवर ‘ओके क्रॅक’. मग स्टोअरवाल्याकडे वळून म्हणाला, "या सगळ्यांवर ‘क्रॅक’ हे कोणाचं नाव म्हणून लिहिलंय?"

"यांचं, साहेब. गंमत म्हणून..."

"गंमत राहू द्या. नाव म्हणूनच ना?"

"नाव म्हणूनच."

"बरोबर. म्हणजे क्रॅक ही सही आहे आणि ओके लिहायचं राहून गेलं."

"कोणाचं राहून गेलं?" मी उठले. "ओके लिहायचा हा स्टोअरवाला, सही करायचा हाच, यांनी फक्त खराब चाकावर लिहायचं! अहो, त्यांच्या हाताने लिहिलेली एक तरी ओके चिठ्ठी दाखवा ना! विचारा त्याला! ए, बोल की, जीभ चॉकलेटला चिकटली का?"

"बाई, आवाज खाली. नाहीतर बाहेर जावं लागेल."

स्टोअरवाल्याने हात मांडीखाली अजून दाबले. त्याचं मला कळत होतं. गंमत म्हणून सात वर्षं खोट्या सह्या करणारा तो होता, तोंड उघडलं तर पुढची नोटीस त्याला. कळत होतं आणि तरी त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता.

फोरमन मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, हा माणूस वाईट नाही. पण याचं कसं आहे, जरा क्रॅक आहे. कपबशा वाजवत बसतो. अशाच्या हातात तपासणी दिली ही आमची चूक, मी मान्य करतो."

बघा कसा होता तो. ताईसमोर एक अर्थ वापरला, इथे दुसरा. सही म्हणूनही तोच, वेडा म्हणूनही तोच. फक्त जो अर्थ चिठ्ठीवर लिहिला होता तेवढा सोडून.

"जबाब घ्या," अधिकारी कारकुनाला म्हणाला. कारकुनाने दोन-चार बटणं दाबली. स्क्रीन काळी. परत दाबली. काळी.

"काय झालं?"

"हँग होतंय, साहेब. ते सॉफ्टवेअर आपलं... क्रॅक व्हर्जन आहे ना."

"म्हणजे?"

"म्हणजे विकतचं नाही. कुलूप तोडून घेतलेलं."

मी जोरात हसले. हसायचं नव्हतं, पण हसले. "त्यावर पण दाजींनी सही केली होती का?"

अधिकारी लाल झाला. गरम पाणी प्यायला आणि चिडून दाजींवर घसरला. "तुम्हीच सांगा, क्रॅक म्हणजे नक्की काय?"

दाजींनी पहिल्यांदा मान वर केली.

"आवाज, साहेब."

"कसला आवाज?"

"चाक फुटतं त्याचा. तुम्हाला तो फुटल्यावर ऐकू येतो. मला आधी ऐकावा लागतो, त्याचाच पगार आहे. ऐकला, की लिहितो."

"पण अर्थ..."

"दुसरा अर्थ मी केला नाही. मी फक्त हसलो त्याला. ती चूक माझी आहे. तेवढी लिहा."

मला रडू फुटायला आलं. मूर्खासारखं खरं बोलत होते. आणि अधिकारी हाताने लिहूनही घेत होता, ‘चूक मान्य’.

तेवढ्यात दार वाजलं. ताई आत आली. तिचा जबाब दुपारी होता, पण ती आधीच आली होती. पट्टीवरून ओढणी. खोली बघायला तिने मान पूर्ण फिरवली, डावीकडचं दिसत नव्हतं म्हणून. दाजी उठून उभे राहिले. ती त्यांच्या खुर्चीवर बसली, त्यांच्याकडे न बघता.

"काय ठरलं?" तिने अधिकाऱ्याला विचारलं.

"ताई, अजून ठरायचंय. पण कागदपत्रांवरून दिसतं की चिठ्ठीवरचं ‘क्रॅक’ म्हणजे तपासणाऱ्याची सही. म्हणजे चाक पास होतं."

"क्रॅक म्हणजे पास?"

"या वर्कशॉपच्या पद्धतीप्रमाणे, हो."

ताईने मान हलवली. शांतपणे, दुकानात माप पटल्यासारखी. मग फोरमनला म्हणाली, "साहेब, खालच्या फळीवर अजून तीन चाकं आहेत ना? बारा इंची?"

"असतील."

"त्यांच्या चिठ्ठीवर काय आहे?"

फोरमनने शर्टाची कॉलर सारखी केली. दाजी म्हणाले, "क्रॅक."

"ओके नाही?"

"नाही."

"मग एक आणा."

अधिकाऱ्याने खूण केली. स्टोअरवाला गेला. परत यायला त्याला वेळ लागला. आला तेव्हा चाक त्याने कसं धरलं होतं ते सगळ्यांनी बघितलं. सात-आठ किलोचं चाक, कोणीही पोटाशी धरून आणतं. याने दोन्ही हात लांब करून आणलं होतं, तोंड बाजूला फिरवून, साप आणतोय जणू. टेबलावर ठेवलं आणि पटकन मागे सरकला.

चौकशी अधिकाऱ्यानेही खुर्ची मागे ओढली. थर्मास उचलून मांडीवर घेतला. "ते जरा पलीकडे ठेवा," म्हणाला.

"का?" ताईने विचारलं. "पास झालेलं आहे."

अधिकाऱ्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"चला," ती उठली. "दोन नंबर मोकळाच आहे. गार्डपण नाही. फोरमनसाहेब, हे चाक चढवा, चालू करा आणि मी उभी असते तिथे उभे राहा. पाच मिनिटं. काही घासू नका, नुसते उभे राहा. मी शेजारी उभी राहते. मला एकच उरलाय, तरी राहते. तुम्हाला तर दोन आहेत."

"हे बघ, असं सुरक्षेच्या नियमात..."

"कसली सुरक्षा? सही आहे ना त्यावर? माझ्या नवऱ्याची?"

"तसं नाही, पण उगाच..."

"विश्वास नाही होय माझ्या नवऱ्यावर?"

फोरमनचा नवा शर्ट काखेत ओला झाला होता. त्याने अधिकाऱ्याकडे बघितलं, अधिकाऱ्याने टेबलावरच्या चाकाकडे, आणि चाकाने कोणाकडेच नाही. शेवटी कोपऱ्यातून स्टोअरवाला फुटला. "साहेब, ते फुटेल हो. ते खालच्या फळीवरचं आहे. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, खालच्या फळीवरचं काय असतं ते."

"फोरमनलाही?" अधिकाऱ्याने विचारलं.

"त्यांनी तर फळी ठरवून दिली."

दाजींनी चाकाच्या भोकात दोन बोटं घालून ते जरा उचललं, आणि कारकुनाच्या लाकडी फुटपट्टीच्या टोकाने ठोकलं. ठप्प. सगळ्यांना ऐकू आलं. त्या गरम पाणीवाल्यालासुद्धा.

ताई म्हणाली, "आता लिहा, क्रॅक म्हणजे काय."

तुम्हाला वाटेल, संपलं. फोरमन गेला, न्याय झाला. पंधरा दिवसांनी अहवाल आला. मी शब्दन् शब्द सांगते, पाठ आहे: ‘शब्दाच्या दुहेरी अर्थामुळे गैरसमज होऊन दुर्दैवी घटना घडली. कोणीही व्यक्तिशः जबाबदार नाही. यापुढे चिठ्ठीवर शेरा व सही यांसाठी स्वतंत्र ओळी असाव्यात.’ एवढंच. शब्द दोषी! चाक खाली वाकून शब्दाने उचललं. गार्ड शब्दाने काढला. एक तास थांबवलं नाही ते शब्दानेच. माणसं सगळी धुतल्या तांदळासारखी. फोरमनची बदली झाली, मोठ्या कारखान्यात, मोठ्या जागेवर. जाताना निरोपाला फ्लेक्स लागला होता.

दाजींची नोकरी राहिली. त्यांच्या सहीने डोळा गेला असं अहवालात आलं नाही. तेवढंच ताईने ओढून आणलं होतं, आणि तेवढंच मिळालं.

अहवाल आला त्या दिवशी स्टोअरवाल्याने सवयीने हाक मारली, "ए क्रॅक..." दाजींनी वळूनही बघितलं नाही. त्याने परत मारली. नाही. तिसऱ्यांदा त्याने त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली. सात वर्षांत पहिल्यांदा, आणि आडनाव चुकलं. दाजींनी ते दुरुस्त करून घेतलं आणि मग ‘काय’ म्हणाले.

दुपारी ताई हिशेबाचे कागद द्यायला आली होती. ती काम सोडणार होती. दाजींनी तिला मागच्या शेडमध्ये नेलं, मी पाठोपाठ. खालच्या फळीवरची तीनही चाकं त्यांनी जमिनीवर गोणपाटावर मांडली होती. शेजारी मोठा लोखंडी हातोडा. परवानगी कोणाची? कोणाची नाही. त्यांनी पहिलं चाक गोणपाटात गुंडाळून एका घावात फोडलं. दुसरं फोडलं. मग खिशातून काम करायचा चष्मा काढून ताईपुढे धरला.

"आधी हा घाल."

"आता कशाला?"

"घाल म्हणतो ना."

ताईने चष्मा घातला. हातोडा दोन्ही हातांनी उचलला, चाकाकडे मान तिरकी करून बघितलं आणि जोरात हाणला. पहिला घाव जमिनीवर गेला; एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दाजी पुढे झाले. तिने कोपराने त्यांना मागे सारलं.

दुसरा बसला.